मुरलीअण्णांची चूक

मुरलीअण्णा गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. मधली सुट्टी होती, डबा अर्धा खाऊन झाला होता आणि आमच्या नगरच्या हौशी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. फोटोत ते स्टेजच्या कडेला उकिडवे बसलेले, मान खाली, हातात वायर. चेहरा धड दिसतही नव्हता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत मीही लिहिलं, ‘एक सच्चा रंगकर्मी हरपला. भावपूर्ण श्रद्धांजली.’ मग घंटा झाली, मी आठवीच्या वर्गावर गेले आणि फळ्यावर नकाशा टांगायला घेतला. तेव्हा हात थांबला. ‘सच्चा’ हा शब्द मी लिहिला होता... मी. त्यांच्याबद्दल तो अगदी खरा होता. पण सगळ्या नगरात ज्या एका बाईनं तो लिहू नये, ती बाई मीच होते. याला आता पाच आठवडे झाले.

अण्णा मूळचे देवळाली प्रवऱ्याचे. घरी उसाची शेती, चार भावांत हे धाकटे. आयटीआय करून भिंगारला लष्कराच्या एका वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि तिथेच घर करून राहिले. नोकरी सांभाळून आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ त्यांनी नगरमधल्या बहुतेक हौशी नाट्यसंघांचे दिवे आणि आवाज बघितले. माझी त्यांची ओळख वीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पहिलंच नाटक बसवत होते आणि तालमीच्या हॉलवर सामान उतरवून घेताना कुणाला तरी म्हणाले, “ती काळी वायर द्या इकडे.” अण्णा हसले. “ताई, हितं समद्याच काळ्या हायेत,” म्हणाले. आणि ती सबंध दुपार त्यांनी मला जमिनीवर बसवून वायरी ओळखायला शिकवल्या. गिटारला लागते ती केबल आणि स्पीकरला लागते ती केबल, दोन्हींच्या टोकाला तीच जाडी लांब पिन, दोन्ही एकमेकींच्या जागी चपखल बसतात. मला तर बहिणी-बहिणी वाटल्या. त्यांनी खिशातून ब्लेड काढलं आणि दोन खराब तुकडे उभे चिरून दाखवले. एकीत केसासारखी बारीक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी, दुसरीत नुसत्या दोन जाडजूड तारा, जाळीबिळी काही नाही. “हिच्यातनं नुसती कुजबुज जाती,” ते जाळीवालीला हात लावून म्हणाले, “आन् हिच्यातनं जोर जातो. कुजबुजीच्या वायरीतनं जोर धाडला, का ती जळती.” मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि एकेक केबल हातात दिली. दहातल्या सात चुकल्या. त्यांनी परत दिल्या. संध्याकाळपर्यंत दोनच चुकत होत्या.

शिकूनही मी एकदा घोळ केलाच. नेवाशाला एका शाळेच्या मैदानावर आमचा प्रयोग होता. अण्णा दिवे बांधत होते आणि घाई मला फार. एका स्पीकरची जोडणी मी करून टाकली, हाताला लागली ती केबल घेऊन. आवाज आला, मी खूश. अण्णा शिडीवरून उतरले, स्पीकरजवळून जाताना वाकून त्यांनी केबलला नुसता पंजा लावला आणि लगेच शेजारचं अॅम्प्लिफायरचं मशीन बंद केलं. केबल तापली होती. गिटारची केबल! मुख्याध्यापक धावत आले, “काय झालं?” अण्णा म्हणाले, “काही न्हाई सर, दोन मिन्टं. तवर च्या घ्या तुमी.” केबल बदलली, प्रयोग झाला. परतीच्या टेम्पोत मी म्हणाले, “अण्णा, सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत.” ते म्हणाले, “नाव घिऊन काय हुनार हुतं? मशीन वाचलं न्हवं?” मला तेव्हा फार आदर वाटला. आज वाटतं, त्या टेम्पोत मी एक वाईट गोष्टही शिकून ठेवली. हा माणूस सांगत नाही, हे मला कळून चुकलं होतं.

पुढे दिवे बदलले. जुने तापणारे हॅलोजन मागे पडून एलईडी आले, त्यांना दिवे चालवायच्या बोर्डावरून हुकूम नेणारी सिग्नलची केबल आली. ती दिसायला हुबेहूब माईकच्या केबलसारखी, तीच तीन टाचण्यांची गोल टोपी, टक् आवाज करून बसते. अण्णा साठीचे झाले होते, तरी नव्या पोरांच्या आधी त्यांनी ते सारं समजून घेतलं. “माईकची हिच्या जागी लावली तर चालल्यासारखं वाटंल,” मला बजावून सांगितलं होतं त्यांनी, “पन लांबचा पल्ला आसला का सिग्नल अडखळतो. मंग दिवे नाचत्यात. आपलं नाटक राहतं बाजूला.” याच सुमारास त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. केबलींना ओळखीसाठी लावलेली रंगीत टेप दिसेना. तर त्यांनी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मेणदोऱ्याच्या गाठी बांधल्या. माईकच्या केबलला एक गाठ, सिग्नलच्या केबलला दोन, स्पीकरच्या केबलला तीन. अंधाऱ्या विंगेत आम्ही डोळस माणसं मोबाईलचा टॉर्च लावून शोधत बसायचो आणि अण्णांचं अंगठ्यानं काम व्हायचं. एकदाही चुकले नाहीत. लोक मात्र आपापसात म्हणायला लागले होते, अण्णांना आता दिसत नाही.

तो प्रयोग दोन वर्षांपूर्वीचा. नगरमध्येच एकांकिका स्पर्धा होती आणि आमचा नंबर दुपारी साडेबाराचा. आधीच्या संघानं सामान हलवताना त्यांच्या नेपथ्याची फळी आमच्या सिग्नलच्या केबलवर आदळली आणि तिचं टोक पिचलं. पंधरा मिनिटं उरली होती. अण्णा दुसऱ्या टोकाला शिडीवर होते. मी ओरडले, “अण्णा, केबल गेली!” ते वरून म्हणाले, “थांबा ताई, मी देतो. पेटीला हात लावू नका.” मी थांबले नाही. जवळच आवाजाची पेटी उघडी होती. त्यातली एक लांब केबल ओढली, दोन्हीकडे टक् टक् बसवली. दिवे लागले. गाठी बघाव्यात, असं मनात आलं होतं का? आलं होतं. हे मी आज लपवणार नाही. पण दिवे लागले होते, पडदा उघडायचा होता आणि अण्णा खाली उतरून “कुठली लावली?” म्हणाले तेव्हा मी म्हणाले, “आहे ती बरोबर आहे. तुम्ही बोर्डावर बसा.”

एकांकिकेच्या मध्यावर एक मोठी स्तब्धता होती. आई परदेशातल्या मुलाचं पत्र हातात घेऊन नुसती बसून राहते, दीड मिनिट. चार महिने आम्ही त्या दीड मिनिटावर घाम गाळला होता. ती बसली... आणि डोक्यावरचा निळा दिवा थरथरला. मग दुसरा. मग सगळेच लपलप करायला लागले, लग्नाच्या वरातीत करतात तसे. प्रेक्षकांतून कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी बोर्डावर जे करता येईल ते केलं. शेवटी सगळे एलईडी बंद करून दोन जुने हॅलोजन वर घेतले आणि त्या पिवळट उजेडात आमचं नाटक संपवलं. ते नाटक संपलं तेच मुळात त्यांच्यामुळे. पण परीक्षकांपैकी एक जण जाताना म्हणाले, “प्रकाशयोजनेनं घात केला हो तुमचा,” आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. विंगेत आमचा सगळा संघ उभा होता, पुढच्या संघाची मुलंमुली होती. मी अण्णांना म्हणाले, “दिसत नसेल तर तसं सांगायचं तरी आधी! आम्ही दुसरा माणूस बघितला असता. चार महिन्यांची माती केलीत.” सत्तरीला टेकलेला माणूस. केबल बरोबर आहे, हा माझा शब्द त्यांनी खरा धरला होता. त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं काय बिघडलंय ते. त्यांना खरंच वाटलं असणार, आपलंच काहीतरी चुकलं.

अर्ध्या तासानं ते मागे केबली गुंडाळत बसले होते. डाव्या पंजावर वेटोळं, उजव्या मुठीतून केबल सरकत येतेय. मी तिथेच वेशभूषेची बॅग भरत होते. केबलचं टोक त्यांच्या मुठीत आलं आणि अंगठा थांबला. एकच गाठ. त्यांनी परत चाचपली. मग मान वर करून ते माझ्याकडे बघायला लागले. त्या डोळ्यांना मी किती दिसत होते कोण जाणे, पण रोख बरोबर माझ्यावर होता. “ताई,” ते अगदी हळू म्हणाले, “ही माईकची हाय.” मला तेव्हा बोलता आलं असतं. संघातली सगळी अजून तिथेच होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, “हो का? ठेवून द्या मग.” आणि बॅगेची चेन लावली. त्यांनी ती केबल आवाजाच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं. नेवाशाला त्यांनी जे आपणहून दिलं होतं, ते इथे मी त्यांच्याकडून हिसकावून घेतलं.

एवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही. महिन्याभरानं दुसऱ्या एका संघाच्या दिग्दर्शकाचा फोन आला. अण्णांना बोलवायचं म्हणतोय, तुमचा काय अनुभव? मी म्हणाले, “माणूस देवासारखा आहे. पण आता वय झालं हो त्यांचं.” किती सभ्य वाक्य! मी फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. हळूहळू त्यांना कुणीच बोलवेना. मी भिंगारला जाईन, भेटेन, सांगेन, असं दोन वर्षं म्हणत राहिले. भिंगार माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे.

ते गेल्यावर दहाव्या दिवशी नाटकवाल्यांनी शोकसभा घेतली. मी पेपरात अधूनमधून लिहिते, म्हणून मला बोलायला सांगितलं. मी त्यांच्या बोटांवर बोलले, गाठींवर बोलले, दोघातिघांनी डोळे पुसले, नंतर एक जण म्हणाला, “ताई, काय सुंदर बोललात.” त्या रात्री मला माझ्याच आवाजाची किळस आली. पुढच्या रविवारी सकाळी मी भिंगारला गेले.

दार अण्णांच्या पत्नीनं, काकूंनी उघडलं. अण्णांची मुलगी रेखा घरी होती. ती नर्स आहे, दोन गल्ल्या सोडून राहते. चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं सगळं. पेटी, केबल, बोर्डावर बसा म्हणाले ते, “ठेवून द्या” म्हणाले ते, फोनवर बोलले ते. मला वाटलं होतं रेखा चिडेल, मला घालवून देईल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. ती चिडली नाही. “ताई,” ती म्हणाली, “अण्णा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, माझ्या हातून चूक झाली. मी म्हटलं, बघा, मी सांगत होते! उद्या कुणाला शॉक बसेल, कुणाचा जीव जाईल. आता बंद करा हे. मी... मीच बंद करायला लावलं त्यांना. भांडून. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.”

त्यांनी घरीही माझं नाव घेतलं नव्हतं.

काकू उठल्या आणि बाहेरच्या खोलीचं दार उघडून उभ्या राहिल्या. भिंतीभर खुंट्या, खुंट्यांवर केबलींची वेटोळी, एकसारखी, स्वच्छ. “ह्ये बघा,” काकू म्हणाल्या. “रोज सकाळी समद्या काढायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे, परत टांगायचे. दोन वरसं. मी म्हनायचे, आवो, कुटं जायाचंय का आता? तर म्हनायचे, न्हाई, हात इसरू नयेत म्हनून.” मग त्यांनी मला विचारलं, “चूक न्हवती त्यांची, तर मला तरी का न्हाई सांगितलं वो? मी कुनाला सांगनार हुते?”

रेखानं डोळे पुसले आणि ती म्हणाली, “शोकसभेत शंभर माणसं होती ना, ताई? तुम्ही पेपरात लिहिता. मग हे तिथे लिहा. आईला मी वाचून दाखवेन.”

काकू, म्हणून लिहिलं आहे. त्या दुपारी चुकीची केबल मी लावली. मुरलीधर ढोकणे यांच्या हातून त्या दिवशी कोणतीही चूक झाली नाही.