साडेअकराशेचा आकडा

आधी काकूंचं सांगते, मग माझं. त्यांचं नाव इथे घालत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, आता एकट्याच असतात. माझ्या पोळीला "बरी आहे" यापलीकडे त्या कधी काही म्हणाल्या नाहीत. पण त्या नसत्या तर आज माझं काय झालं असतं, हा विचार आला की मी तो अर्ध्यातच सोडून देते.

मी पोळ्यांची कामं करते. तीन घरं सदाशिव पेठेत, दोन कसब्यात. राहायला कात्रजच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही वाशीमकडे. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि मला तिकडे कोण सोडणार? लग्नानंतर नवऱ्यासोबत इकडे आले. तो एका बांधकामावर वॉचमन आहे. इथे जीवाला जीव देणारं आपलं माणूस म्हणावं तर तोच एक, आणि त्याची ड्यूटी बारा तासांची.

माझ्या बेंबीजवळ एक गाठ होती. खोकलं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. दुखत नव्हती म्हणून मीही तिच्याकडे बघितलं नाही. मग एक दिवस कणकेची मोठी परात उचलताना तिथे अशी कळ आली की मी ओट्याला धरून उभी राहिले. घाम फुटला. थोड्या वेळाने गाठ आत गेली, पण माझा धीर काही परत आला नाही.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. हात लावून बघितलं आणि म्हणाले, "हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल, आत जाळी बसवावी लागेल. पण आत्ता नाही. आधी आठ किलो वजन कमी करा. एवढ्या वजनावर केलं तर परत फाटायची भीती आहे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जड उचलू नका. गाठ बाहेर येऊन अडकली, कडक झाली, उलट्या व्हायला लागल्या, तर एक मिनिटही थांबायचं नाही, सरळ इथे यायचं. रोजच्या कॅलरी ठरवून खा. हा कागद घ्या."

कागद इंग्रजीत होता. मी तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि बसमध्ये कात्रजपर्यंत पोटावर हात ठेवून बसले. अडकली तर? बसमध्ये अडकली तर? कसब्यातल्या कुणाच्या ओट्यापाशी अडकली तर? त्या दिवसापासून माझा एक हात पोटावरच असायचा. पोळी लाटायला दोन हात लागतात, तेवढाच वेळ तो सुटायचा.

काकूंनी ते हेरलं. "पोट धरून काय चालतेस सारखी? काय झालंय?"

मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "ओट्स, ब्राउन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल. यातलं तुझ्या घरी काय असतं?"

"काहीच नाही."

"माझ्याही नाही. बस इथे."

काकूंकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. जुनी पत्रकं, विजेची बिलं, काही टाकत नाहीत. त्यातला एक घेतला.

"वय?"

"एक्केचाळीस असेल."

"असेल म्हणजे? वय काय अंदाजे असतं?"

"एक्केचाळीस."

उंची मला ठाऊक नव्हती. त्यांनी मला दाराला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि शिवणाच्या टेपने मोजलं. वजन दवाखान्यातलं होतं, अठ्ठ्याहत्तर.

"आता बघ. वजनाला दहाने गुणायचं. उंचीला सव्वासहाने. दोन्हींची बेरीज. त्यातून वयाची पाचपट वजा, आणि बायकांसाठी आणखी एकशे एकसष्ट वजा. आलं ते नुसती पडून राहिलीस तरी शरीराला लागतं. कळलं?"

"हो." कळलं नव्हतं. शाळेत टिंबाचे आकडे आले की मी खाली मान घालायची, तशीच घातली.

"नाही कळलं. असू दे. आता दिवसभराच्या हालचालीप्रमाणे याची पट करायची. व्यायाम काही करतेस?"

मला हसूच आलं. व्यायाम म्हणजे ती सकाळी बूट घालून टेकडीवर जाणारी माणसं. "नाही हो काकू."

"मग एक पूर्णांक दोन." त्यांनी गुणलं, त्यातून पाचशे वजा केले. "एवढे रोज कमी खाल्ले की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो असं धरतात. तुझे आले साडेअकराशे. दिवसाला साडेअकराशे कॅलरी. त्यात बस."

त्यांनी मला मराठीत लिहून दिलं. सकाळी काय, दुपारी काय. रोज दोन पातळ पोळ्या आणि अर्धी भाकरी. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "वाकू नकोस, गाठ बाहेर येईल."

पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र काय झालं ते सांगायला शब्द कमी पडतात. दुसऱ्यांच्या घरी गरम पोळीवर तूप सोडायचं, ती फुगताना बघायची, डब्यात घालायची आणि पोटात नुसता खड्डा. दुपारी कसब्यातल्या गल्लीतून जाताना वड्याच्या कढईजवळ पाय आपोआप हळू पडायचे. संध्याकाळी घरी पोचले की हात थांबायचाच नाही. भाकरी थापता थापता एक तव्यावरून सरळ तोंडात. मग दुसरी. मग रडायचं.

नवरा बघायचा. "काहून वं, डॉक्टरनं उपाशी राह्य म्हटलं का तुले? दिवसभर उपाशी अन् सांजी दुष्काळातून आल्यावानी."

"मले नाही जमत तर काय करू मी?"

"नको करू मग. गाठ काय पळून चालली?"

त्याला वाईट बोलायचं नव्हतं. तो घाबरला की असंच बोलतो. पण मला वाटायचं, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. माझ्याच मनात जोर नाही. तिसऱ्या आठवड्याला दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले तर गेलेलं दीड किलो परत आलं होतं. नर्स म्हणाली, "मावशी, मनावर घ्या जरा." मी मान हलवली. आणखी किती मनावर घ्यायचं, हे तिला विचारायला हवं होतं.

त्याच आठवड्यात कसब्यातल्या घरी पोळ्या करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, पण मनगट तव्याला टेकलं. दुसऱ्या दिवशी काकूंना ते पट्टी बांधलेलं मनगट दिसलं.

"हे काय?"

"भाजलं."

"वीस वर्षं पोळ्या करतेस आणि भाजलं?"

"चक्कर आली होती."

काकूंनी गॅस बंद केला. माझी कणीक तशीच परातीत. "बस. काल उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. एकही गोष्ट गाळायची नाही."

मी सांगितलं. उठून पाणी भरलं, आमच्याकडे खालून वर न्यावं लागतं. छोट्या बादल्यांनी नेते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. स्वयंपाक, धुणं. बसला गर्दी, उभ्यानेच आले. स्वारगेटला उतरून चालत सदाशिव पेठ, कारण दुसरी बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही. तीन घरांचे जिने. तिथून चालत कसबा. पोळ्या उभ्यानेच. परत चालत. घरी स्वयंपाक, भांडी.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "मागच्या वेळी मी व्यायाम विचारला तर नाही म्हणालीस."

"व्यायाम नाहीच की काकू. काम आहे ते."

मला वाटलं, आता चिडणार. उठून त्यांनी तो जुना पाठकोरा शोधून काढला आणि त्यावर लाल पेनने आडवी रेघ मारली.

"चूक माझी. जन्मभर पोरांना ओरडले, उदाहरण नीट वाचा, मग सोडवा. आणि मी तुला खुर्चीत बसून काम करणारी धरली. शरीराला दिवसाला दोन हजारांच्या वर लागतंय, आणि मी तुझ्या तोंडाला साडेअकराशेचं कुलूप लावलं. चक्कर येईल नाही तर काय होईल?"

पाचशे वजा करून नवीन आकडा आला सोळाशे.

मी ते ऐकून रडायलाच लागले. आनंदाने नव्हे, भीतीने. "काकू, कमी खाऊन वजन गेलं नाही, जास्त खाऊन कसं जाईल? वाढलं तर? डॉक्टर ऑपरेशनच करणार नाहीत."

"दोन आठवडे कर. मग माझ्याशी वाद घाल. आणि रडायचं असेल तर आधी गॅस लाव, मला साडेअकराला जेवायला लागतं."

त्याच दिवशी चहाचा विषय निघाला. काकूंनी विचारलं, दिवसभरात चहा किती. मी म्हटलं, "चहा कशाला धरता? तो काय खाणं आहे?" पाच घरं, पाच चहा, आणि प्रत्येक घरी बाई कामाला आली म्हणून गोडच करतात, दोन-दोन चमचे साखरेचा. काकूंनी मला चमच्याने साखर काढून त्यांच्या छोट्या काट्यावर ठेवायला लावली. दहा चमच्यांचा तो ढीग बघून मीच म्हटलं, "धरा." भाकरीचंही तेच. कागदावरची भाकरी पुण्यातली होती. माझी भाकरी आमच्याकडची, जाड, ताटाएवढी. पिठाचा गोळा काट्यावर ठेवला तर एकीत दोन निघाल्या.

पण चहाला नाही कसं म्हणायचं? कसब्यातल्या आजी तर कप हातात धरून उभ्या राहतात. "घे गं, एवढ्याने काय होतंय?" नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी बोलणं जरा तुटक होतं. मी काकूंना हे सांगितलं.

"डॉक्टरांनी बंद केलाय म्हण. पुण्यात देवाचं नाव घेतलंस तरी लोक वाद घालतील, डॉक्टरांचं घेतलंस तर गप्प बसतील."

तसंच झालं. आजी एवढंच म्हणाल्या, "मग बिनसाखरेचा घे." तो मी अजून घेते.

सोळाशेत पोट भरत नाही, पण दिवस निघतो. संध्याकाळी दोन्ही हातांनी भाकरीवर तुटून पडणं थांबलं. वजन उतरायला लागलं, पण इतकं हळू की दर सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर मी आकडा दोनदा बघून घ्यायची. मध्ये एकदा सलग दोन सोमवार काटा जागचा हलला नाही. मी काकूंना म्हटलं, बहुतेक हा आकडाही चुकलाय. त्या म्हणाल्या, "आकडा बरोबर आहे. शरीराला कॅलेंडर वाचता येत नाही. थांब." मी थांबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. गाठ तशीच होती, हात पोटावर तसाच होता. रोज बसमध्ये एकच मागणं मागायची, आजचा दिवस अडकू नकोस बाई.

सात किलो गेल्यावर डॉक्टरांनी बोलावलं. काकू म्हणाल्या, मी येते. मी नको म्हटलं, त्या आल्याच. दवाखान्याची लिफ्ट बंद होती. तिसरा मजला. काकू कठडा धरून एक एक पायरी चढायला लागल्या, प्रत्येक पायरीला ओठ दाबून धरायच्या. इतकी वर्षं मी त्यांना ओट्यापासून टेबलापर्यंतच चालताना बघितलं होतं. मला काही कळलंच नव्हतं.

"काकू, गुडघे?"

"दोन्ही बदलायला सांगितलेत. दोन वर्षं झाली."

"मग?"

"मग काय? नंतर दोन महिने माझं करणार कोण? चल, तुझं आधी."

डॉक्टरांनी तपासलं, काटा बघितला. "एक किलो राहिलंय, पण पोट चांगलं उतरलंय. घेऊ या. तारीख घ्या." मी काकूंकडे बघितलं. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ऑपरेशननंतर हिने किती खायचं ते आकड्यात सांगा. आणि तुमचा तो कागद मराठीत छापा."

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मला भीती वाटते. भूल, जाळी, टाके, गावाकडे कोणाला कळवलेलंही नाही. त्यानंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे पाच घरांतली किती राहतील तेही माहीत नाही. यातलं माझ्या हातात काहीच नाही.

पण काकू, एक मी ठरवलंय. माझे टाके भरले आणि डॉक्टर हो म्हणाले, की तुमच्या गुडघ्यांची तारीख घ्यायला मी तुमच्याबरोबर येणार. ते दोन महिने मी तुमच्याकडे राहीन. तुम्हाला उठवीन, बसवीन, साडेअकराला गरम जेवायला वाढीन. तुम्ही नको म्हणाल, ते मला ठाऊक आहे. तरी येईन.