पासिर रिसला क्लास बुडवणारी मुलं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी ऑडिटवाली बाई. पुरावा दाखवा, मग बोला! पण गेल्या वर्षी पासिर रिसच्या समुद्रावर भर दुपारी जे पाहिलं, ते लिहिताना आत्तासुद्धा अंगावर काटा आलाय...

माझी मुक्ता तेव्हा सहावीत होती. इथे परदेशात सहावीला पीएसएलई नावाची मोठी सरकारी परीक्षा असते, म्हणजे आपल्या बोर्डाचं टेन्शन एवढ्याशा पोरांना! तिच्या गणिताच्या क्लासला हारू नावाचा जपानी मुलगा यायचा. त्याची आई युरिकोसान माझी मैत्रीण झाली. ती मला 'मुक्तामामा' म्हणायची. जपानीत मामा म्हणजे आई, आणि तिथल्या आया एकमेकींना मुलांच्या नावानं अशाच हाका मारतात. आपल्याकडे मामा म्हणजे कोण, हे मी तिला कधी सांगितलंच नाही.

हारूला जपानला नेऊन तिथल्या एका नावाजलेल्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचं होतं. तिकिटंसुद्धा काढून झाली होती. आणि पोरगं मात्र... आधी त्याचं हसणं बंद झालं, मग बोलणं. डबा तसाच परत यायचा.

"परीक्षा झाली की हसेल," युरिकोसान म्हणायची. मीही मान डोलवायची. आम्ही दोघी एकाच माळेचे मणी!

त्या शनिवारी मुलांची सराव परीक्षा होती. त्यांना क्लासच्या दारात सोडून आम्ही जवळच समुद्रावर जाऊन बसलो. बसून काय केलं? त्यांचीच गणितं सोडवली! समोर एवढा समुद्र, पण बघतंय कोण...

इतक्यात ओळखीचं खिदळणं ऐकू आलं. वर बघते तर मुक्ता आणि हारू! गुडघाभर पाण्यात, एकमेकांवर पाणी उडवतायत! सकाळचेच कपडे, मुक्ताच्या केसांत तीच पिवळी क्लिप.

भुताबिताचा विचार कोणाच्या मनात येतोय! माझं डोकंच सणकलं. क्लास बुडवला? मी ओरडणार, तोच युरिकोसाननं माझा दंड घट्ट धरला.

"प्लीज, मुक्तामामा... डोन्ट कॉल. ही इज लाफिंग."

हारू खरंच हसत होता. अगदी पोट धरधरून! ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली, मी मागोमाग. हारूनं आईला पाहिलं आणि ओंजळभर पाणी तिच्यावर फेकलं. तिचा स्कर्ट चांगलाच भिजला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. क्लासच्या टीचर होत्या. दोघांचेही पेपर झालेत, न्यायला या, म्हणाल्या.

"मुलं... तिथे आहेत?"

"येस लाह," टीचर इथल्या ढंगात म्हणाल्या, "माझ्यासमोर बसलीयत. व्हेअर एल्स?"

मी मान वर केली. पाण्यात कोणीच नव्हतं.

आम्ही अक्षरशः धावत सुटलो. क्लासच्या जिन्यावरून मुक्ता उतरत होती, कोरडीठाक. "आई, व्हाय यू सो रेड? रिलॅक्स लाह!"

"कुठे गेली होतीस?"

"कुठे जाणार? पेपर देत होते!"

तिच्यामागून हारू आला. सरळ आईकडे गेला, तिच्या स्कर्टचा ओला काठ चिमटीत धरला आणि खुदकन हसला. जपानीत काहीतरी म्हणाला. युरिकोसान तिथेच मटकन खाली बसली आणि त्याला पोटाशी धरून हमसून हमसून रडायला लागली. मला काही कळेना, पण माझेही डोळे भरून आले.

तिनं ती तिकिटं रद्द केली. हारू इथेच शिकतोय, डबा चाटूनपुसून खातोय. मी काही फार सुधारले नाही, मुक्ता अजून माझ्या नावानं बोटं मोडते; पण शनिवारी क्लासनंतर आम्ही चौघं समुद्रावर जातो आणि गणितं घरी ठेवतो!

माझा नवरा म्हणतो, उन्हानं भास झाला असेल. असेलही. पण दोघींना एकच भास? आणि भासानं स्कर्ट भिजतो? मुक्ताला यातलं काही ठाऊक नाही. हारूला विचारायची माझी हिंमत होत नाही.

जिन्यात हारू काय म्हणाला, ते युरिकोसाननं मला परतीच्या बसमध्ये सांगितलं.

"मामा, मी उडवलेलं पाणी अजून वाळलं नाही?"