कपाच्या कानाला रबर

माझ्या कपाच्या कानाला रबर गुंडाळलेलं होतं. ताईंच्या कपाला नव्हतं. शेजारणीच्याही नव्हतं. तिन्ही कप एकाच सेटचे, निळ्या फुलांचे.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रबराची ती खूण मीच त्या घरात आणली होती.

मी घरं लावून देते. ज्यांना दिसत नाही, ज्यांना चाकाच्या खुर्चीतून उठता येत नाही, त्यांची. स्वतःच्या घरात साध्या डब्यासाठी कुणाला हाक मारावी लागू नये, असं सामान लावायचं. पोलिओनं माझा एक पाय लहानपणीच गेला, त्यामुळे उंच फळीवरचा डबा माणसाला किती लाचार करतो ते मला ठाऊक आहे.

आमगावहून गाडीनं गोंदियाला ताईंकडे यायचे. ताई निवृत्त शिक्षिका, साखरेच्या आजारानं डोळे गेलेले. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन, तिखटाच्या बरणीला सुतळी. त्यांचा हात हातात धरून एकेक डबा ओळखायला शिकवला. पहिल्याच दिवशी मला जवळ घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "तुही न् माही जात एकच आहे माय. अपंगाची."

मी वेडी. परत जाताना गाडीत आनंदानं रडले.

मग एका दुपारी त्यांनी सहज विचारलं, आमगावात कोणत्या मोहल्ल्यात राहतेस. मी सांगितलं. मोहल्ल्यावरून जात कळतेच, पण लपवण्यासारखं त्यात काय होतं? ताई उन्हाबद्दल बोलू लागल्या.

आणि आता हा चहा. डोळे गेल्यापासून कुणाच्या मदतीशिवाय त्यांनी केलेला पहिला चहा. शेजारीण कौतुक करत होती. मी कप उचललाच नाही.

"काऊन वं, चहा थंडा होऊन राहिला ना," ताई म्हणाल्या.

मी विचारलं, माझ्या कपाला रबर कशाला?

त्यांचा चेहरा पडला. "घरच्यायले चालत नाही ना. मले काही वाटत नाही. तू कायले मनावर घेतं?"

घरचे कोण? मुलगा नागपुरात. घरात त्या एकट्या. रबर त्यांच्याच बोटांनी गुंडाळलं होतं. परक्या कुणी केलं असतं तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. इथं मी जीव लावला होता. माझ्याच हातानं शिकवलेल्या खुणेनं मला वेगळं काढलं, हे आजही जळतं.

मी चहा मोरीत ओतला. कप घासला, रबर काढलं, दोघींकडे पाठ करून तो फळीवरच्या कपांत सरकवला. पण चोरून नाही. स्पष्ट सांगितलं, "ताई, रबर काढलं. कप तुमच्या कपांत ठेवला. मीठ-साखरेच्या खुणा तशाच आहेत."

ताई फळीपाशी आल्या आणि एकेक कप चाचपू लागल्या. सगळे सारखेच. माझा कोणता, ते शेजारणीलाही सांगता येईना. मी चप्पल घालून निघाले.

घरं मी आजही लावते. पार कोहमाऱ्यापर्यंत बोलावणी येतात. आपण सगळे एकच, असं कुणी म्हणालं की मी ऐकून घेते. आत गेल्या गेल्या आधी पाणी मागते. त्यांच्या रोजच्या पेल्यात. तोंड लावून पिते.

दिलं, तर डब्यांना हात लावते. नाही दिलं, तर कुबडी उचलते. त्यांचं घर त्यांना लखलाभ.