सासूबाई घरात असतानाच चालू होणारा कॉम्प्युटर

टिपणरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता फक्त बँकेत उरलंय. बाकी सगळ्यांना ते टिपणराव. गॅसची टाकी कधी लावली, नळाचा वॉशर कधी बदलला, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कोणत्या तारखेला शिडी नेली आणि ती अजून कशी परत आली नाही, सगळं त्यांच्या वहीत असतं. घरी बसून ते लोकांची हस्तलिखितं टाइप करून देतात. एकोणीस वर्षांत एकही तारीख चुकलेली नाही. हे ते आपणहून सांगत नाहीत. समोरचा विचारेपर्यंत गाडी तिकडे वळवत राहतात, एवढंच.

अशा माणसाचा कॉम्प्युटर रुसला, आणि तोही भलत्याच वेळी. हातात एका प्राध्यापक बाईंचा मुंग्यांवरचा प्रबंध. चारशे बारा पानं, आणि अक्षर असं की तो मुंग्यांनीच लिहून दिला असावा. शुक्रवारी दुपारी बाराला विद्यापीठाची खिडकी बंद होणार होती. चुकलं तर बाईंचं वर्ष वाया आणि टिपणरावांची एकोणीस वर्षं.

बटण दाबावं तर कधी चालू व्हायचा, कधी ढिम्म. कधी चालता चालताच डोळे मिटायचा. दुरुस्तीवाल्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, मागची पिन नीट बसलीय ना? टिपणरावांना तो अपमान वाटला. त्यांनी झाकण उघडलं, ब्रशने धूळ काढली, रॅम खोडरबराने घासली, आतला छोटा सेल बदलला. शेवटी डबा उचलून दुकानात नेला. तिथे तो शहाण्या मुलासारखा पाचही वेळा चालू झाला. घरी आणला की पुन्हा मौनव्रत.

त्यांचा पहिला संशय सासूबाईंवर होता. त्या मुक्कामाला आल्या, त्यांच्या पलंगासाठी टेबल खिडकीकडे सरकवलं, आणि त्याच दिवसापासून हे दुखणं सुरू झालं. सासूबाई म्हणजे पोस्टात पस्तीस वर्षं पत्रं निवडून निवृत्त झालेल्या बाई. पंखा लागला की त्यांचा खांदा धरतो, म्हणून पंखा बंद. रेडिओ मात्र चालू. आणि त्यांची ती काळी बॅग! कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ती कोंबलेली असायची आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कोपऱ्यावर औषध आणायला गेल्या तरी बॅग बरोबर. पोस्टात आयुष्य काढल्यावर दुसऱ्याच्या हाती सामान देववत नाही, असं त्यांचं म्हणणं.

टिपणरावांनी वहीत रकाने आखले. वेळ, पंखा, शेजारचा मिक्सर, घरात कोण. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी पानं उलटली आणि कपाळाला हात लावला. सासूबाई घरात तेव्हा चालू. सासूबाई बाहेर तेव्हा बंद. तेवीस नोंदी, एकही अपवाद नाही. आणि बुधवारी सकाळी सासूबाईंची गाडी होती.

बायकोला वही दाखवली तर ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मग टिपणराव घसा खाकरत पलंगापाशी जाऊन उभे राहिले.

"आई, उद्याचं तिकीट रद्द केलं तर?"

सासूबाईंनी रेडिओ बारीक केला. सव्वीस वर्षांत जावयाने 'कधी निघताय' हे नाना गोड शब्दांत विचारलं होतं. 'राहा' म्हणायची ही पहिलीच वेळ.

"का हो जावईबापू? बरं वाटत नाहीये का?"

टिपणरावांनी वही पुढे केली. सासूबाईंनी चष्मा लावून तेवीसच्या तेवीस नोंदी वाचल्या, आणि त्यांची मान अशी ताठ झाली की विचारू नका. त्यांनी अटी घातल्या: पंखा बंद, चहा मागेन तेव्हा, आणि रेडिओ लावला की जावयाने जिभेने चक्चक् करायचं नाही. सगळ्या मंजूर.

बुधवारी तासाभरातच त्यांना बसून कंटाळा आला. त्यांनी प्रबंधाचं एक पान उचललं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. पावसात भिजलेले, डाव्या हाताने लिहिलेले पत्ते वाचून काढलेले डोळे ते; मुंग्यांच्या रांगा त्यांना भराभर उलगडत गेल्या. एकेका शब्दावर पाच पाच मिनिटं डोळे फोडणारे टिपणराव नुसते टाइप करत सुटले. तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं.

गुरुवारी चार वाजता एकतीस पानं उरली होती. सासूबाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब काढायला बॅग ओढली, आणि पडदा काळा झाला. सासूबाई समोर बसलेल्या असताना!

टिपणराव गुडघ्यांवर बसून कॅबिनेटच्या मागे शिरले. टेबल सरकवल्यामुळे वायर ताणली गेली होती आणि पिन अर्धी बाहेर आली होती. इतके दिवस तिला बॅगेनेच रेटून धरलं होतं. त्यांनी पिन दाबली, मागे पुठ्ठ्याची घडी खुपसली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू. कपाळावर जळमटं घेऊन ते बाहेर आले.

"म्हणजे मी नव्हतेच," सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"बॅग होती."

टिपणरावांनी मान डोलावली. सासूबाईंनी थेंबांची बाटली आत टाकली, चेन ओढली. त्यांची मान आता तेवढी ताठ नव्हती. "मग उद्या सकाळची गाडी मिळेल मला," त्या म्हणाल्या.

टिपणरावांनी पुढचं पान घेतलं. पहिल्या ओळीत मुंग्या कुठेतरी चालल्या होत्या, कुठे ते कळेना. त्यांनी पान खाली ठेवलं. मग वाकून त्यांनी पुठ्ठा काढून घेतला.

"पुठ्ठ्याचा काही भरवसा नाही, आई. बॅग ठेवा तिथेच."

"पंखा बंदच राहील हां."

"राहू द्या."

शुक्रवारी अकरा वीसला प्रबंध खिडकीत पोचला. परतताना टिपणरावांनी दुकानातून लांब, नवी वायर आणली; तशी नोंदही आहे. वायर आणल्याची तारीख लिहिली आहे, लावल्याचा रकाना रिकामा. महिना होत आला. वायर पाकिटासकट खणात पडून आहे, आणि जिन्यात रोज दुपारी रेडिओ ऐकू येतो.