आतली कात्री

कुहीहून नागपूरला येताना बसमध्ये एक पोरगी शेजारी बसली. मांडीवर भोकं पाडलेला खोका, त्यात टसर रेशमाचे कोसे. बोलताना तिची दोन बोटं सारखी कात्रीसारखी चालायची. पतंगाच्या अंगात म्हणे एक एन्झाइम असतं. ते लांबलचक प्रथिनाचे बारके तुकडे पाडतं, अन् त्यातलाच एक तुकडा पतंगाला सांगतो, आता बाहेर नीघ.

"हुकूम आत तयारच असते काकू. फक्त कापून द्या लागते."

"म्हणजे ब्लाउजचं कापड घरी, अन् कात्री माहेरी," मी म्हटलं. हसून हसून तिचा खोका हलला.

प्रयोगासाठी अर्ध्या कोशांत तिनं ते एन्झाइम बंद पाडलं होतं. त्यांना खूण म्हणून हिरवा दोरा बांधलेला. बाकीच्यांतून पतंग निघाले तरच प्रयोग खरा, अन् अजून एकही निघाला नव्हता.

"काहून रुसले वं?" मी विचारते तोच खोक्यात खुडखुड झाली. तिनं झाकण उघडलं. बिनदोऱ्याच्या कोशातून निघालेला ओला, चुरगळलेला पतंग माझ्या पदरावर चढला.

"हलू नका काकू, पंख वाळून राहिले."

माझा स्टॉप गेला. आम्ही दोघी येड्यासारख्या हसत पार बसस्टँडपर्यंत गेलो. नाव विचारायचं राहिलंच. तिची बोटं मात्र तेवढा वेळ गप्प होती.