ओठाला कळलेला कंगोरा

ऑरविल स्टॉलनेकरनं उमेदीची सगळी वर्षं लेथवर लोखंड कातलं आणि निवृत्त झाल्यावर तळघरात गोळ्यांची टोकं कातायला घेतली. कारखान्यातून येणारं गोळीचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं असतं. ते माणसाला दिसत नाही, वाऱ्याला दिसतं. हजार यार्डांवर, खोऱ्यापलीकडच्या उतारावर, तेवढ्याशा खडबडीपायी एखादी गोळी वीतभर खाली बसते. म्हणून टोक छाटून सारखं करायचं, मग साच्यात दाबून अणकुचीदार करायचं. साचा ऑरविलनं स्वतः घडवला होता. दाबायचं काम मात्र बायकोचं, आर्लीनचं.

ती दांडा ओढी, गोळी काढून अॅप्रनला पुशी आणि टोक खालच्या ओठावरून अलगद फिरवी. दाब जास्त झाला की टोकामागे बारीक कंगोरा उठतो. बोटाला तो लागत नाही, ओठाला लागतो. सुरुवातीला ऑरविल हसला होता. पुढे चांदमारीच्या दिवशी एकेक काडतूस हातात घेताना त्याला तो ओठ आठवू लागला. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. त्या खोऱ्यात असलं कुणी बोलत नाही.

मग शेजारच्या लमार रीगलची बोटं सांध्यांतून सुजली. लमारची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आर्लीन, माझ्याही गोळ्यांच्या पेटीचं बघशील का गं? ही बोटं नाहीत, गाजरं झालीत."

"आण की," ती म्हणाली. ऑरविलकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यात लमारच्या दहाही गोळ्या बशीखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. चांदमारीच्या क्लबच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागली. जेवणाच्या वेळी तो मोठ्यानं म्हणाला, "ऑरविल, पाटी खरं तर तुझ्या घरात जायला हवी. तुझ्या नाही, हिच्या नावानं!"

सगळे हसले. ऑरविलही हसला. मग ताटातला बटाटा काट्यानं कुस्करत बसला.

पाटीचं दुःख निदान कुणाला सांगता आलं असतं. ओठाचं कुणाला सांगणार? तो तळघराच्या जिन्यावर उभा राहून ऐकू लागला. काम करताना आर्लीन चर्चमधलं गाणं गुणगुणायची. लमारच्या पेटीला तिचं गाणं जरा लांबतं, असं त्याला वाटे.

"त्याच्या गोळ्यांना वेळ जास्त लावतेस."

"त्यांचा धातू मऊ आहे."

"दोघांच्या गोळ्या एकाच कारखान्याच्या आहेत, आर्लीन."

"मग तूच मऊ झालास म्हणायचं."

शरद ऋतूतली शेवटची चांदमारी शनिवारी होती. गुरुवारी आर्लीन चर्चमध्ये कोंबडी-मक्याचं सूप रांधायला गेली. टेबलावर दोन पेट्या तयार होत्या, निळ्या झाकणाची ऑरविलची, लाल झाकणाची लमारची. ऑरविलनं साचा किंचित खाली आवळला आणि लाल पेटीतली एकेक गोळी पुन्हा दाबली. डोळ्याला काहीच फरक दिसत नव्हता. लाल झाकण त्यानं होतं तसं लावून ठेवलं.

ती परतली, तळघरात उतरली. तो जिन्यावर ऐकत उभा राहिला. गाणं सुरू झालं. मग थांबलं. पुष्कळ वेळ थांबलं.

वर आल्यावर तिनं त्याला सूप वाढलं. "पेट्या ठेवल्यात. निळी तुझी."

शुक्रवारी ज्यानं त्यानं आपापल्या पेटीतल्या गोळ्या काडतुसांत बसवल्या. शनिवारी खोऱ्यात वारा दाखवणारे झेंडे मरगळून लोंबत होते. लमारची पाळी आधी झाली. त्याच्या गोळ्या पुन्हा घोळक्यानं बसल्या. मग ऑरविल बाकाशी बसला. सरावाची पहिली गोळी खाली गेली, दुसरी त्याहून खाली.

"वारा फिरला वाटतं रे!" मागून लमार ओरडला.

"वारा नाही," दुर्बिणीवरचा डोळा न काढता आर्लीन म्हणाली. "झेंडे गप्प आहेत."

ऑरविलनं पुढचं काडतूस उचललं. उन्हात फिरवून पाहिलं. मग, जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, टोक ओठावरून फिरवलं. कंगोरा होता.

"मार ना, ऑरविल," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

त्यानं ते भरलं. नंतरची सगळी भरली. थांबायचं तर कारण सांगावं लागलं असतं. गोळ्या कागदभर पांगल्या, आणि लमारनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, खऱ्या हळहळीनं.

परतताना आर्लीननं गाडीत त्याला बोलोनी सॉसेजचं सँडविच दिलं. निम्मा रस्ता संपेपर्यंत तो चावत राहिला.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच गोळीला."

त्याच्या डोक्यात तेवढ्यातही तेच आलं. "मग बाकीच्या कशाला लावल्यास ओठाला?"

आर्लीन खिडकीबाहेर बघत होती.

"म्हटलं, एखादी तरी सोडली असशील."