सामाईक विहिरीतले कासव

समुद्र मी सत्तरी उलटल्यावर पाहिला. तोवर पाणी म्हणजे नीरेचा डावा कालवा. त्या कालव्यावर माझी सगळी नोकरी झाली. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी आणि किती तास पाणी मिळणार, हे ठरवणे माझे काम होते.

फाल्गुनात आम्ही काही निवृत्त कर्मचाऱ्यांनी कोकणची सहल काढली. बायकाही बरोबर होत्या. तेथे किनाऱ्यावरच्या एका गावात समुद्री कासवांची अंडी राखण्याचे केंद्र आहे. केंद्र म्हणजे वाळूत जाळीचे कुंपण, आत ओळीने उपड्या घातलेल्या टोपल्या आणि प्रत्येक टोपलीखाली पुरलेली अंडी. देखरेख करणारी बाई तिशीची असेल. सकाळी तिने एक टोपली उचलली. खाली काळसर पिल्ले वळवळत होती. ती तिने एका पाटीत घेतली आणि पाण्यापासून बरीच अलीकडे, ओल्या वाळूवर ठेवली. आम्हाला दोरीच्या मागे उभे केले.

पिल्ले चालू लागली. लाट आली की चार-दोन उलटी पडत, सरळ होत, पुन्हा पाण्याकडेच निघत. माझ्या पत्नीला राहवले नाही.

"उचलून टाका की वो पाण्यात. कशाला हाल करताय लेकरांचं?"

"नाही काकू. चालत गेली तरच या वाळूची ओळख राहते, असं म्हणतात."

त्यानंतर मी जे विचारले, ते आमच्याकडचाच माणूस विचारील. एक पिल्लू द्या, म्हणालो, विहिरीत सोडायला.

आमच्या गावी, निरवांगीत, आमची आणि चुलत भावाची सामाईक विहीर आहे. विहिरीत कासव सोडण्याची आमच्याकडे रीत आहे. पाणी स्वच्छ राहते आणि कासव आहे तोवर विहीर आटत नाही, असा समज. आमचे कासव चुलत्यांनी ओढ्यातून आणून सोडले, तेव्हा माझे लग्नही झाले नव्हते. ते एकटे होते. त्याला सोबत होईल, असे मला वाटले. पत्नीने तर चिवड्याचा डबा रिकामा करून पुढे धरला होता.

सहलीतले सगळे हसले. ती बाई हसली नाही.

"काका, हे खाऱ्या पाण्यातलं. तुमच्या विहिरीत मरेल. आणि तुमचं जे आहे, ते बसतं कुठं?"

"बसतं म्हणजे?"

"उन्हात, कोरड्यावर. पायऱ्या आहेत विहिरीला?"

"नाहीत. सरळ बांधकाम आहे. उतरायला लोखंडी कड्या आहेत."

"म्हणजे इतकी वर्षं ते नुसतं पोहतंय."

"आमच्याकडं त्याला देव मानतात."

"माझे वडील हीच अंडी उकरून बाजारात विकायचे, काका. त्यांच्याकडंही कारण होतंच."

कासव स्वतः काढू नका, वनखात्याला कळवा, एवढे तिने बजावले.

घरी आलो त्या दिवशी दुपारी विहिरीवर गेलो. कासव भिंतीला होते. दगडाला पंजे लावून वर येऊ पाहत होते आणि घसरत होते. हे मी शेकडो वेळा पाहिले होते आणि खेळ समजलो होतो.

चुलत भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांना सांगणे भाग होते.

"तात्या, कासव नदीत सोडणार आहे."

"डोकं फिरलं का तुजं? आमच्या म्हाताऱ्यानं आणल्यालं हाय ते. ते हाय म्हणून पाणी हाय."

"पाणी कालव्याच्या पाझराचं आहे. जन्मभर मी तेच सोडत होतो."

"लई शाणा! आन पाणी गेलं मंजे?"

"तर मृगापर्यंत माझी पाळी तुमची."

विहिरीवर मोटार एकच. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. माझा अर्धा एकर खोडवा ऊस त्या चार दिवसांवर उभा होता. पत्नी आतून हे ऐकत होती. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

वनखात्याला अर्ज दिला. आठ दिवसांनी वनरक्षक जाळे घेऊन आला. तात्या बांधावर पाठ करून उभे राहिले. पत्नीने कासवाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिले. मी अडवले नाही. नीरेच्या डोहाशी आम्ही ते काठाच्या चिखलावर ठेवले. ते पाण्यात गेले नाही. उन्हात बसून राहिले.

"ढकलू का?" वनरक्षकाने विचारले.

"बसू द्या," मी म्हणालो.

बराच वेळ बसले. मग गेले.

त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटण्याचे आवर्तन लांबले. पाझर बंद झाला, विहीर खाली गेली, मोटार हवा ओढू लागली. कारण मला ठाऊक होते. गावाला दुसरे ठाऊक होते. चहाच्या टपरीवर एकाने विचारलेच, "सायेब, कासवासंगं पाणी बी नदीला धाडलं व्हय?" तात्या घरी आले. ते काही बोलण्याआधी मी मोटारीच्या पेटीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. शब्द पाणी जाण्याचा होता. कशाने गेले याचा नव्हता.

विहिरीत उरले होते ते त्यांच्या उसाला जेमतेम पुरले. माझा खोडवा शेंड्याकडून वाळत आला. पंधरवड्याने तात्या बांधावर येऊन उभे राहिले.

"पाळी घे माघारी. निस्तं म्हण, कासव काढलं ते चुकलं."

"म्हणणार नाही."

"ऊस जळतोय की रं."

"जळू द्या."

वैशाखाच्या शेवटी कालवा सुटला. आठवड्यात पाझर लागला, विहीर भरत आली. माझ्या उसाला तिचा उपयोग राहिला नव्हता. तो तोडून जनावरांना घातला होता. तात्या किल्ली घेऊन दारात आले.

"घे. आलंय पाणी."

"मृगाला अजून दिवस आहेत. तोवर तुमची."

"आता कुणासंगं भांडतोयस तू?"

मी किल्लीला हात लावला नाही. मग तेच आवाज उतरवून म्हणाले, "दुसरं आणून सोडू का एखादं? म्हाताऱ्याची आठवण म्हणून तरी."

"आणून तर पाहा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, किल्ली खिशात घातली आणि गेले.